द्राक्षं नामानिराळी, आळ माझ्यावर

“आधी मुक्या जिवाला, मग आपल्याला. आणि कुणाजवळ बोलायचं नाही, बरं का. बोललं की गेलं.”

हे शब्द सासूबाईंचे. नव्या सुनेला त्यांनी ते स्वयंपाकघरात, अगदी हळू आवाजात सांगितले होते. मी तेव्हा शेगडीशेजारी निवायला ठेवलेला होतो, म्हणून माझ्याही कानावर पडले. भांड्यांना काय कळतंय, असं समजून माणसं आमच्यादेखत पुष्कळ काही बोलून जातात.

मी एक जुना वाडगा आहे, मित्रांनो. कुत्र्याचा वाडगा. झालं, नाक मुरडलंत ना? खुशाल मुरडा. मला त्याची सवय आहे. पण उठून जाऊ नका. माझी कीव करा म्हणून मी बोलत नाहीये. माझ्यावर एक आळ आला होता. साधासुधा नाही, विषाचा आळ. तो खोटा होता आणि खोटा आळ अंगावर घेऊन गंजून जायला मी काही तयार नाही. तेव्हा नीट ऐका.

जन्माने मी लोखंडाचा पत्रा. कारखान्यात मला ठोकून गोल केलं, काचेच्या पांढऱ्या लेपात बुचकळलं आणि लालभडक भट्टीत भाजलं. बाहेर आलो तो असा पांढराशुभ्र, की कामगारसुद्धा हात पुसून मग मला उचलायचे. कडेला निळी पट्टी रंगवली होती. भांड्यांच्या दुकानात मी दोरीला टांगलेला असताना एक उंच, किडकिडीत माणूस आला. त्याने मला नखाने टिचकी मारली, आवाज ऐकला, पुन्हा एकदा मारली आणि म्हणाला, “हा देईल साथ.”

तो पुस्तकं बांधणारा होता. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचं काम चालायचं. भिंतीला लागून पुठ्ठ्यांची चळत, खिडकीशी शिवणीचं मेज, त्यावर दाभण आणि मेण लावलेला दोरा, मधोमध लोखंडी शिकंजा. पुस्तक त्यात घालून चाक फिरवलं, की आतल्या हवेची हिंमत नव्हती पानांत राहायची. गल्लीतली माणसं या बाइंडरला काका म्हणायची आणि त्याच्या बायकोला काकू. म्हणून मीही तसंच म्हणतो.

माझं काम खळीचं. काकू मैदा पाण्यात कालवून शिजवायच्या आणि काका वरून चिमूटभर मोरचूद टाकायचे. मोरचूद म्हणजे निळे खडे. खळीला कीड लागू नये, पुस्तकाला कसर लागू नये, म्हणून ते घालतात. पण ते पोटात जायला नको. “निळं काही दिसलं की बोट चाटायचं नाही,” असं काका आपल्या लहानग्या लेकीला दहादा बजावायचे. लेक मोठी तिखट. एक बोललं की दोन परत करायची, म्हणून बापाने तिचं नाव ठिणगी पाडलं होतं.

किती पुस्तकं मी जन्माला घातली म्हणून सांगू! शाळेची, दवाखान्याची, वाचनालयाची. काचेच्या कपाटात ताठ मानेने उभ्या असलेल्या त्या जाडजूड ग्रंथांना विचारा, तुमच्या पाठीला आधार कुणाचा. त्यांना आठवणार नाही. मोठ्या माणसांना खळ कुठे आठवते? पण काकांना आठवायचं. “या वाडग्यात खळीची गुठळी म्हणून होत नाही,” असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, तेव्हा माझी निळी पट्टी अधिकच निळी व्हायची.

मग एके दिवशी शिकंज्याचं चाक फिरवताना काकांचं कोपर लागलं आणि मी मेजावरून खाली आपटलो. बुडाशी लेपाचा टवका उडाला. आतलं काळं लोखंड उघडं पडलं. काकांनी मला हातात घेऊन पुष्कळ वेळ पाहिलं. “गंज उतरेल खळीत. पानांवर डाग पडतील,” ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी प्लास्टिकचा एक टोप आला. हिरवा, हलका आणि आगाऊ.

मी बाजूला पडलो. पण काकूंनी मला टाकलं नाही. त्यांनी माझ्यात पाणी उकळलं, राखेने घासलं, उन्हात ठेवलं, पुन्हा उकळलं. खळीचा कण काय, वासही माझ्यात उरला नाही. हे नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

त्याच सुमारास कात्रणांच्या ढिगात एक पिल्लू सापडलं. कापलेल्या कागदांच्या पट्ट्यांत शिरून ते थरथरत होतं. रंग थेट पुठ्ठ्याचा. ठिणगीने त्याला ढिगातून उपसलं आणि नाव ठेवलं पुठ्ठा. काका म्हणाले, “घरात पुठ्ठे काय कमी आहेत?” ठिणगी म्हणाली, “हा शेपटीवाला आहे.” तेवढ्यावर प्रश्न मिटला आणि मी पुठ्ठ्याचा वाडगा झालो.

काही जणांना वाटेल, ग्रंथांची खळ धरणारा वाडगा कुत्र्याच्या तोंडाला लागला, केवढी ही अधोगती. वाटू दे. कपाटातल्या एकाही ग्रंथाने मला पाहून कधी शेपूट हलवलं नव्हतं.

आता काकूंविषयी. काकूंचा आवाज इतका हळू, की फोनवर पलीकडचा माणूस चारदा “हॅलो, हॅलो” करतो. भांडण त्यांना येत नाही. पण एकदा काही धरलं, की त्या ते सोडत नाहीत. सासूबाईंनी सांगितलेला नेम त्यांनी असाच धरला होता. स्वतःच्या ताटातला पहिला घास त्या मागच्या पायरीवर येऊन माझ्यात ठेवायच्या, हात जोडायच्या आणि मगच जेवायला बसायच्या. रोज. ताप असो, पाहुणे असोत. काकांना वाटायचं, हिला कुत्र्याचा फार लळा. लळा होताच. पण हा नेम आहे, हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

आठवड्यातले काही दिवस काकू फक्त फळांवर राहायच्या. त्या दिवशी पहिली फोड पुठ्ठ्याची. सफरचंदाची फोड तो कुरुमकुरुम चावायचा. केळ्याची चकती चावायच्या भानगडीतच पडायचा नाही. एकदा मोसंबीची फोड पडली, तर तिला हुंगून तो शिंकला आणि तिच्यावर भुंकत बसला. आणि द्राक्षं! द्राक्ष तो आधी नाकाने ढकलायचा. ते माझ्या कडेवर आपटून परत यायचं, तो पुन्हा ढकलायचा. खेळून झालं की गट्टम. काकू बघत राहायच्या आणि घोसातलं सगळ्यांत टपोरं द्राक्ष शोधून त्याला द्यायच्या. देवाला द्यायचं आणि मुक्याला द्यायचं ते किडकं-सडकं कसं चालेल, असं त्यांचं मन. एखाद-दुसरंच द्राक्ष, कधीमधी. बरीच वर्षं काही झालं नाही.

यंदाच्या द्राक्षांच्या दिवसांत मात्र घोस चांगले भरलेले होते आणि काकूंचा हातही सैल होता. दुपारी पुठ्ठ्याला उलटी झाली. मग आणखी एक. संध्याकाळी तो शिकंज्याखाली जाऊन पडला. ठिणगीने हाक मारली तर शेपटीचं नुसतं टोक हललं. ठिणगी आता कॉलेजात जाते, पण त्या वेळी तिचा चेहरा पुन्हा लहान मुलीचा झाला.

गल्लीच्या तोंडाशी जनावरांचा दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई घरी आल्या. बाह्या दुमडलेल्या, आवाज खणखणीत. त्या आधी कुत्र्याशी बोलतात, मग माणसांशी.

“काय हो पुठ्ठेराव, काय हाणलंत?” म्हणत त्यांनी त्याचं पोट चाचपलं. “खायला काय देता याला?”

“भात, उकडलेलं अंडं, दूध,” ठिणगीने भराभरा सांगितलं.

“बाहेरचं काही? कचऱ्यातलं? उंदराचं औषध वगैरे?”

“छे. तो फाटकाबाहेर जातच नाही.”

काकू दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मित्रांनो, त्या लपवत होत्या असं समजू नका. त्यांच्या लेखी तो घास म्हणजे कुत्र्याला खायला घालणं नव्हतंच मुळी. तो नेम होता. हात जोडून दिलेली वस्तू पोटात जाऊन घात करील, हे त्यांच्या स्वप्नातही येणं शक्य नव्हतं.

तेवढ्यात काकांची नजर माझ्यावर पडली आणि त्यांनी कपाळावर हात मारला. “मोरचूद! अहो, खळीचा वाडगा आहे हा! त्या टवक्यात मुरलं असणार मोरचूद. मीच माझ्या हाताने विष चारतोय त्याला!”

डॉक्टरीणबाईंनी खांदे उडवले. “मला काही तसं वाटत नाही. पण वाडगा बदलायचा तर बदला,” असं म्हणून त्यांनी सुई टोचली, औषध दिलं. पण काकांनी त्यातला अर्धाच भाग ऐकला. त्यांनी मला उचललं आणि मागच्या अंगणात भिरकावलं. मी भिंतीवर आपटून नळाखाली उताणा पडलो.

ज्या हाताने टिचकी मारून “हा देईल साथ” म्हटलं होतं, तोच हात. मला राग आला. अजून आहे. मी ओरडून सांगितलं असतं, “काका, राखेने घासलाय मला! पुठ्ठा माझ्यातच खाऊन एवढा मोठा झालाय!” पण वाडग्याला आवाज कुठला? नळाचं पाणी पडलं की तेवढा टपटप वाजतो.

दोन-चार दिवसांत पुठ्ठा सावरला. झालं, सगळ्यांची खात्रीच पटली. वाडगा गेला, कुत्रं बरं झालं. नवा स्टीलचा वाडगा आला, त्यात तोंड दिसायचं. ठिणगी तर शेजारणीला सांगत सुटली, “जुनी भांडी वापरू नका हो, आमचा पुठ्ठा मरता मरता वाचला.” मी नळाखालून ऐकत होतो.

पण पुठ्ठा पुरता बरा झालाच नव्हता. खायचा कमी, झोपायचा जास्त. आणि काकूंच्या जिवाला घोर लागला. त्यांनी काय केलं असेल? नेम वाढवला. पुठ्ठा पहिल्यासारखा धावेपर्यंत आपण फक्त फळांवर राहायचं आणि आता नुसता पहिला घास नाही, जे काही असेल त्यातलं निम्मं त्याला द्यायचं. मनातल्या मनात बोलून त्या मोकळ्या झाल्या. कुणाला पत्ता नाही.

द्राक्षांचा हंगाम सरत आला होता, म्हणून काकूंनी मनुका आणल्या. काळ्या, मऊ, स्वच्छ धुतलेल्या. नळाखालून मला दिसलं, त्यांनी मूठ उघडली, अर्ध्या मनुका त्या चकचकीत वाडग्यात ठेवल्या आणि हात जोडले. डोळे मिटून त्या काय मागत होत्या, ते काय वेगळं सांगायला हवं? पुठ्ठ्याने मनुका चाटूनपुसून खाल्ल्या.

संध्याकाळी तो पुन्हा शिकंज्याखाली जाऊन पडला. रात्रभर उलट्या. सकाळी तो पाणी प्यायला, पण झाडापाशी नेलं तर तिथे नुसता उभा राहिला. त्याचे मागचे पाय लटपटत होते. काकांनी दवाखान्यात फोन लावला. पलीकडून खणखणीत आवाज आला, तो अंगणात मलाही ऐकू आला. “ताबडतोब घेऊन या. आणि तो तुमचा वाडगा आणा. एकदा बघूच त्याला.”

अशी माझी वरात निघाली. काकांच्या हातांवर पुठ्ठा, ठिणगीच्या हातात मी, मागून काकू. मला मेजावर ठेवलं, पुठ्ठ्याच्या बरोबर समोर. त्याने डोळे किलकिले करून मला पाहिलं आणि माझ्या कडेवरून एकदाच जीभ फिरवली. साऱ्या जगात तेव्हा तो एकटाच माझ्या बाजूने होता.

डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं, यंत्रात घातलं आणि आकडे पाहून त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. “मूत्रपिंडं थकलीत याची. शेवटची लघवी कधी केली?”

“काल दुपारी,” ठिणगी म्हणाली. “मरणार नाही ना तो?”

“कशाने झालंय ते कळलं, तर मला लढता येईल.” त्यांनी मला उचललं, उजेडात धरलं, टवक्यावरून बोट फिरवलं. “हाच तो आरोपी?”

“हाच. मोरचूद मुरलंय यात,” काका म्हणाले.

“यात खळ कधीपासून करत नाही?”

“पुठ्ठा आला त्याच्याही आधीपासून.”

“म्हणजे पुठ्ठेराव लहानाचे मोठे झाले ते यातच खाऊन?”

“हो, पण हळूहळू उतरत असेल की विष.”

“आणि मागच्या आजारपणानंतर कशात देता?”

“नव्या स्टीलच्यात. हा तर तेव्हाच फेकला.”

“मग या वेळी विष कुठून उतरलं? स्टीलमधून?”

मी तिथेच निर्दोष सुटलो, मित्रांनो. पण कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कारण मी सुटलो म्हणजे खरा घातकी अजून मोकळा होता आणि मेजावरचं ते पुठ्ठ्याच्या रंगाचं पोट भराभरा वरखाली होत होतं.

“नीट आठवा. भात, अंडं, दूध सोडून तोंडात काय गेलं? कुणी काही दिलं?” डॉक्टरीणबाईंनी एकेकाकडे पाहिलं.

काकूंचे ओठ हलले.

“काय म्हणालात? पंखा बंद कर गं पोरी. हं, काकू, पुन्हा बोला.”

पंखा थांबला. काकू भिंतीकडे पाहत होत्या. सासूबाईंचं ते “बोललं की गेलं” त्यांना आडवं येत होतं, हे मला दिसत होतं. इतक्या वर्षांचा नेम एका बाजूला आणि मेजावर तो. त्यांनी पदर घट्ट धरला.

“मी देते,” त्या म्हणाल्या. “माझ्या ताटातला पहिला घास. माझा नेम आहे तो. तो आजारी पडला म्हणून वाढवला. काल मनुका दिल्या. निम्म्या माझ्या, निम्म्या त्याच्या. मागच्या वेळी द्राक्षं होती.”

काका त्यांच्याकडे वळले. “अगं, मला तरी सांगायचंस.”

“सांगायचं नसतं,” काकू म्हणाल्या. “पण आता सांगितलं. गेलं तर जाऊ दे. हा जाता कामा नये.”

“हे काल सांगितलं असतंस तर...” ठिणगी उसळली. डॉक्टरीणबाईंनी तिला हातानेच थांबवलं. त्यांनी पुठ्ठ्याच्या पायाची शीर शोधली, सलाइन लावलं आणि मगच बोलल्या.

“काकू, द्राक्षं आणि मनुका कुत्र्यांना विषासारख्या बाधतात. सगळ्यांना सारख्या नाही. एखादं कुत्रं पसाभर खाऊन उड्या मारतं, एखादं चार दाण्यांत आडवं होतं. आजवर पचलं म्हणून उद्या पचेल, असं नाही. आणि मनुका म्हणजे द्राक्षंच, पाणी आटून गोळा झालेली. तुम्हाला हे कसं ठाऊक असणार? पण आता मला कळलंय, कशाशी भांडायचं ते. एरवी मी त्या मोरचुदाच्याच मागे धावत बसले असते.”

ठिणगीचे डोळे भरून आले होते आणि जीभ मात्र तशीच धारदार. “आई, तो नेम सोड. आत्ताच्या आत्ता. कसला तो नेम, जीव घेणारा!”

काकू वळल्या. आवाज तोच, हळू. पण मी इतक्या वर्षांत तो इतका ताठ कधी ऐकला नव्हता. “द्राक्षं सोडेन. नेम सोडणार नाही.”

“आई!”

“चूक माझ्या न कळण्याची आहे, देण्याची नाही. मी विचारून घेईन आणि देत राहीन.” मग त्या डॉक्टरीणबाईंकडे वळल्या आणि जणू वाण्याकडे सामान सांगत असाव्यात, तशा विचारू लागल्या. “सफरचंद?”

डॉक्टरीणबाई हसल्या. “चालेल की. बिया आणि मधला गाभा मात्र काढायचा. बिया वाईट.”

“केळं?”

“एखादी चकती. फार गोड असतं.”

“पपई? कलिंगड?”

“दोन्ही चालतात. साल नको, बी नको. कलिंगड तर उन्हाळ्यात खुशाल द्या, थोडं थोडं. नासपती पण तशीच, गाभा काढून.”

“आंब्याचा गर?”

“जरासा. पण कोय त्याच्या तोंडाला लागता कामा नये, आतड्यात अडकली की पोट फाडावं लागतं. चेरी, पीच, आलुबुखार असलं आठळीचं काही देऊच नका. आठळी अडकते आणि फुटली तर आत विष असतं. ते हिरवं लोण्यासारखं अ‍ॅव्होकॅडो मिळतं ना, तेही नको. लिंबू-मोसंबी नको.”

“लिंबू-मोसंबीवर तो भुंकतो,” काकू गंभीरपणे म्हणाल्या.

“मग तो शहाणा आहे.”

“आणि द्राक्ष... सोलून, बी काढून, एखादंच?”

“एकसुद्धा नाही. हिरवं नाही, काळं नाही, सोललेलं नाही. मनुकांचा केकसुद्धा नाही. आणि चुकून खाल्लंच, तर उलट्या व्हायची वाट बघायची नाही. तडक इथे यायचं. लवकर आलं की पुष्कळ काही करता येतं.”

काकूंनी एकदाच मान हलवली. ती मान मला ठाऊक आहे. एकदा हलली की ते धरलं.

पुठ्ठ्याला दवाखान्यातच ठेवलं आणि मलाही. थेंब थेंब सलाइन त्याच्यात जात होतं, पण बाहेर काही येत नव्हतं. काका शिकंजा बंद ठेवून तिथल्या बाकावर बसून राहिले. पुस्तकवाले शोधत शोधत दवाखान्यात यायचे, तर काका हात जोडून म्हणायचे, “उद्या बघू.” ठिणगी त्याच्या कानात काहीबाही बोलत राहायची, मध्येच त्याला दमही द्यायची. “हे बघ, मेलास ना, तर तुझ्याशी बोलणार नाही.” काकू घरून एक वेळ फळं खाऊन यायच्या. पहिला घास त्या आधी मागच्या दारी येणाऱ्या एका मांजराला देत होत्या, हे मला नंतर कळलं. नेम नेमच.

मग एका सकाळी पुठ्ठा धडपडत उठला, चार पावलं चालला, मेजाच्या पायापाशी थांबला आणि पाय वर केला. धार थेट डॉक्टरीणबाईंच्या चपलेवर.

“अहो, झाली!” काका ओरडले. “झाली, झाली!”

पुस्तक घ्यायला आलेल्या मास्तरीणबाईंना वाटलं, त्यांच्या पुस्तकाची बांधणी झाली. त्या आनंदाने पुढे आल्या आणि पाऊल नेमकं ओल्यात. ठिणगी हसली, रडली, पुन्हा हसली. डॉक्टरीणबाई ओली चप्पल हातात घेऊन म्हणाल्या, “एवढी आनंदाची लघवी मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.”

काकांनी माझी माफी मागितली का, असं विचाराल. नाही मागितली. मीही तिची वाट पाहिली नाही. जुन्या वस्तूवर बोट रोखणं फार सोपं असतं, मित्रांनो. ती उलटून बोलत नाही. पण तुम्ही जेव्हा म्हणता, “हिचाच दोष,” तेव्हा खरा दोष दुसरीकडे बसून निवांत मनुका खात असतो. म्हणून माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरी, दारी कुणी मुका जीव असेल, तर त्याला प्रेमाने द्या, पण आधी विचारून द्या. जे आपल्याला गोड, ते त्याला गोडच असेल, असं धरून चालू नका. आणि वैद्याने विचारलं की सगळं सांगा. लाजेचं, गुपिताचं, देवाधर्माचं, सगळं. मुक्या जिवाला आपल्या पोटातलं सांगता येत नाही. तुम्हाला येतं.

पुठ्ठ्याला घरी न्यायच्या दिवशी रक्ताचे आकडे खाली आले होते. “आठवड्याने पुन्हा दाखवा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “अजून सांभाळायला हवं.” मग त्या हात पुसत खिडकीशी गेल्या. “ते समोरचं लाल फाटक आहे ना, तिथली शिंपीणबाई काल तिच्या कुत्र्याला द्राक्षं उडवून झेलायला शिकवत होती. मी इथून ओरडले, तर म्हणाली, आमच्या मोत्याला सगळं पचतं. मी परकी पडले. माझं कोण ऐकतं?”

काकू खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. “माझं ऐकतील,” त्या म्हणाल्या. “माझ्या हातून झालंय. गल्लीत जिथे जिथे कुत्रं आहे, त्या प्रत्येक दारात मी जाते. शब्द देते तुम्हाला.”

“तू?” काका चकित झाले. “तुझा आवाज तरी पोचेल का गं फाटकाच्या आत?”

“आत जाऊन बोलेन.”

निघताना ठिणगीने मला उचललं, तर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “हा राहू दे इथे. बाहेर ताटकळणाऱ्या पेशंटांना पाणी प्यायला चांगलं भांडं नाहीये.” काकांनी माझ्याकडे पाहिलं, जाता जाता नखाने एक टिचकी मारली, कान देऊन ऐकलं आणि मला दवाखान्याच्या पायरीवर पाण्याने भरून ठेवलं.

म्हणून पुढचं मला दिसलं. काका आणि ठिणगी पुठ्ठ्याला मधे घेऊन घराच्या दिशेने वळले. पुठ्ठा दर चार पावलांनी मागे वळून बघत होता. “तुम्ही व्हा पुढे,” काकू त्यांना म्हणाल्या. त्यांनी पदर सावरला, रस्त्यावरची एक सायकल जाऊ दिली आणि लाल फाटकापाशी जाऊन कडी हलकेच सरकवली. आतून मोत्या भुंकत धावून आला. काकू थांबल्या नाहीत.